पाय जड झाले, मग एमआरआय मानेचा का? डॉक्टरांच्या हातोडीची गोष्ट

मावशी केबिनमधून बाहेर आली ती तणतणतच. "हजार रुपये फी घेतली आणि केलं काय, तर गुडघ्यावर हातोडी मारली. मग किल्लीने तळपाय खरवडला. आता म्हणतायत, मानेचा एमआरआय काढून आणा. अरे, पाय जड झालेत माझे! मानेला काय धाड भरलीय?"

मी सोबत होतो आणि मनातून तिच्याच बाजूचा होतो. वर्षभर तिचे पाय 'लाकडासारखे' होत चालले होते. आधी एका ठिकाणी कमरेचा एमआरआय झाला होता, त्यात दोन गाद्या सरकलेल्या दिसल्या होत्या. पट्टा, शेक, गोळ्या, सगळं करून झालं. फरक शून्य. आणि हे नवे डॉक्टर पाच मिनिटं हातोडी काय फिरवतात आणि थेट मानेकडे बोट काय दाखवतात!

पुढे जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसची, म्हणजे नसांना मार बसून हातापायांतला जोर जाणाऱ्या आजाराची, साथ आली. बातम्यांत याला 'गुइलेन बॅरे' म्हणत होते, मूळ फ्रेंच उच्चार गियँ-बारे असा काहीसा. तेव्हा 'पेशंटचे रिफ्लेक्स गेलेत' हे वाक्य सिंहगड रस्त्यावरच्या घराघरात ऐकू येऊ लागलं. रिफ्लेक्स जातात म्हणजे कुठे जातात, आणि ते गेल्याचं डॉक्टर इतकं गांभीर्याने का सांगतात, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मावशीच्या मानेचं कोडं आणि हा प्रश्न, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

हातोडी लागते कशावर?

गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने दाबून पाहा. एक जाड, ताठ पट्टी लागते. ती कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. हातोडी या दोरीवर पडते. दोरी किंचित दबते आणि तिला जोडलेला मांडीचा स्नायू जरासा ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. ते लगेच खबर देतात, 'ताणलो!' ही खबर नसेतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते. (इथे नस म्हणजे संदेशांची, रक्ताची नव्हे.) तिथून उलट हुकूम सुटतो, 'आखड!' स्नायू आखडतो आणि पाय पुढे उडतो. शाळेत आपण याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणत होतो. दवाखान्यात रिफ्लेक्स किंवा नुसतं 'जर्क' म्हणतात.

हातोडी पडल्यापासून स्नायूत विजेची हालचाल सुरू व्हायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. खबर आणणारी पेशी आणि हुकूम सोडणारी पेशी यांच्यामध्ये एकच सांधा असतो, म्हणून इतकी घाई जमते. 'मला काहीतरी लागलं' हे आपल्याला कळतं तोवर पाय उडूनही गेलेला असतो.

शरीराने ही सोय डॉक्टरांसाठी केलेली नाही. एसटीत उभं असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की पोटऱ्या आणि मांड्या आपोआप ताठ होतात, त्यातला पहिला झटका हाच. आपण विचार करत बसलो असतो तर समोरच्याच्या मांडीवर जाऊन बसलो असतो.

गुडघ्याचा हा झटका 1875 मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी, विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि एकाच नियतकालिकात मांडला. मजा अशी की हा रिफ्लेक्स आहे की स्नायूवर बसलेल्या दणक्याचा साधा परिणाम, यावर दोघांचं एकमत नव्हतं. एर्ब रिफ्लेक्स म्हणत होते आणि पुढे तेच बरोबर ठरले. तेव्हा खास हातोडीही नव्हती. डॉक्टर तळहाताच्या कडेने नाहीतर छाती ठोकून पाहायच्या छोट्या हातोड्यांनी काम भागवत. आज आपण पाहतो ती तिकोनी रबरी डोक्याची हातोडी 1888 मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन मॅडिसन टेलर यांनी आणली. त्यानंतर एमआरआय यंत्रांच्या किती पिढ्या बदलल्या. हातोडी जवळपास आहे तशीच आहे.

गावचा कारभार आणि मंत्रालय

वरच्या सगळ्या वर्णनात मेंदू कुठेच आला नाही, हे लक्षात आलं असेल. रिफ्लेक्स हा गावपातळीवरचा निर्णय. गंजीला आग लागली तर मंत्रालयाच्या परवानगीची वाट कोणी बघत नाही, गाव बादल्या घेऊन धावतं. मज्जारज्जू म्हणजे अशा गावांची एकाखाली एक रांग आणि मेंदू म्हणजे मंत्रालय.

पण मंत्रालय अगदीच गप्प नसतं. तिथून खाली सतत परिपत्रकं येत असतात आणि त्यांतली बरीचशी 'जरा दमाने घ्या' अशी असतात. मेंदू रिफ्लेक्स घडवत नाही, पण त्याला लगाम घालून ठेवतो.

यातून दोन प्रकारचे बिघाड संभवतात. गावातलाच रस्ता तुटला, म्हणजे स्नायूपासून मज्जारज्जूपर्यंतची नस, तिथली पेशी किंवा परतीची नस यांपैकी काही बिघडलं, तर हातोडीला उत्तरच येत नाही. आणि गाव ठीक आहे, पण मंत्रालयाकडून येणारा महामार्ग वर कुठेतरी तुटला, तर 'दमाने घ्या' हा निरोप पोहोचत नाही. मग गाव उधळतं, पाय नको इतका उडतो.

दोन्ही माणसांची तक्रार मात्र एकच असते, 'पायात जोर नाही.' ती ऐकून दोघांत फरक करता येत नाही. हातोडीने येतो.

शिवाय प्रत्येक रिफ्लेक्सचा स्वतःचा पिनकोड असतो. कोपराच्या आतल्या बाजूचा रिफ्लेक्स मानेतल्या पाचव्या-सहाव्या नसेचा, कोपरामागचा मुख्यतः सातव्या नसेचा. गुडघ्याचा कमरेतल्या तिसऱ्या-चौथ्या नसेचा आणि घोट्यामागचा त्याही खालच्या, त्रिकास्थीतल्या (कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडातल्या) पहिल्या नसेचा. हातोडी आजाराचं नाव सांगत नाही, पत्ता सांगते. नाव शोधायला मग रक्त, एमआरआय, मणक्यातलं पाणी अशा तपासण्या आहेतच. पण पत्ता चुकला तर त्या सगळ्या चुकीच्या दारात जाऊन उभ्या राहतात.

गप्प पाय आणि पुण्याची साथ

त्या वेळी सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या भागांतून रुग्ण येऊ लागले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत संशयित आणि निदान झालेल्यांचा आकडा 200 च्या पुढे गेला. अनेकांची कथा सारखी होती. आधी जुलाब, मग काही दिवस बरं, आणि मग पायांना मुंग्या, जिना चढता येईना, खुर्चीतून उठता येईना. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली.

जंतू पोटात आणि लकवा पायात, हे कसं? या जंतूच्या अंगावरचं वेष्टण आपल्या नसांवरच्या काही रेणूंसारखं दिसतं. चोरासारखाच शर्ट घातलेल्या पाहुण्याला गावकऱ्यांनी बदडून काढावं, तसं आपलं प्रतिकारतंत्र जंतू सोडून नसांनाच झोडपू लागतं. म्हणून जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी लकवा सुरू होतो.

आता रिफ्लेक्स का जातात ते पाहू. काही रुग्णांत नसेची मूळ तारच दुखावते, पण पुष्कळांत मार बसतो तो नसेवरच्या आवरणाला, वायरवरच्या प्लास्टिकसारख्या थराला. तो उखडला की संदेश थांबतातच असं नाही, पण कोणी लवकर पोहोचतो, कोणी रेंगाळतो. रिफ्लेक्सला हे परवडत नाही. पुण्यातच राहून उदाहरण द्यायचं तर ढोल-ताशा पथक पाहा. शंभर टिपरू एकाच क्षणी पडले तर छातीत धडकी भरते. तेच शंभर जण मागेपुढे वाजवू लागले तर आवाज असतो, ठोका नसतो. स्नायूतून निघालेल्या शेकडो खबरा एकदम पोहोचल्या तरच हुकूम सुटतो. म्हणून पायात थोडाफार जोर शिल्लक असतानाही हातोडीला उत्तर येईनासं होतं.

या आजाराची आणि हातोडीची सोबत जुनी आहे. वरवर चढत जाणारा असा लकवा फ्रेंच डॉक्टर लँड्री यांनी 1859 मध्येच लिहून ठेवला होता, पण तेव्हा रिफ्लेक्स तपासायची पद्धतच नव्हती. 1916 मध्ये, महायुद्ध चालू असताना, गियँ, बारे आणि श्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांची हकिगत प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या शीर्षकातच कंडरांच्या रिफ्लेक्सचा उल्लेख आहे. श्ट्रोल यांनी त्या रिफ्लेक्सचे आलेख काढले होते. आजाराच्या नावातून नेमके तेच गळले, हा त्यांच्यावर अन्यायच.

शंभर वर्षांनंतरही हातोडीचं महत्त्व टिकून आहे, त्याला व्यावहारिक कारण आहे. जीबीएसमध्ये मणक्यातल्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात पुष्कळदा निर्दोष येते. नसांची विजेची तपासणीही अगदी सुरुवातीला फसवू शकते. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला पायात जोर नाही, दोन्ही बाजूंना सारखंच आहे आणि हातोडीला उत्तर नाही, एवढं कळलं तरी ड्युटीवरच्या डॉक्टरने त्याला घरी पाठवायचं नसतं. कारण साधारण चौघांपैकी एकाला पुढे व्हेंटिलेटर लागतो आणि तो कोणाला लागेल हे पहिल्या दिवशी चेहऱ्यावरून कळत नाही.

अपवाद आहेत. थोड्या रुग्णांत सुरुवातीला रिफ्लेक्स शाबूत असतात, क्वचित वाढलेलेही. म्हणून 'रिफ्लेक्स आहेत, जीबीएस नाही' असा शिक्का कोणी मारू नये, जोर घटत असेल तर पुन्हा पुन्हा पाहावं. उलट बाजूनेही सावध राहायला हवं. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलं तरी पाय लुळे आणि रिफ्लेक्स मंद होतात आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. पोलिओतही रिफ्लेक्स जातात. म्हणूनच देश 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाल्यावरही लहान मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं आणि शौचाचे नमुने जातात.

नको इतका उडणारा पाय

मावशीचा मामला दुसऱ्या टोकाचा होता. त्या पाच मिनिटांत डॉक्टरांनी काय पाहिलं ते त्यांनी नंतर मला नीट सांगितलं आणि मला ते अजूनही एखाद्या रहस्यकथेसारखं वाटतं.

गुडघे हलक्या ठोक्याने उसळत होते. म्हणजे बिघाड पायाच्या नसांत नाही, वर कुठेतरी महामार्गावर. कमरेच्या गाद्या दबल्या असत्या तर रिफ्लेक्स मंदावले असते, वाढले नसते, कारण मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि खाली फक्त नसांचा झुपका उरतो. मग त्यांनी हात पाहिले. कोपरामागचा रिफ्लेक्सही उसळत होता. म्हणजे बिघाड मानेच्या सातव्या नसेच्याही वर. मग हनुवटीवर बोट ठेवून ठोकलं, कारण जबड्याचाही एक रिफ्लेक्स असतो. तो अगदी नेहमीसारखा होता. म्हणजे बिघाड मेंदूच्या बुंध्याच्या खाली. उरली मान. शेवटी कोपराच्या आतला रिफ्लेक्स पाहिला, पाचव्या-सहाव्या नसेचा. तो जवळपास नव्हताच! ज्या गावातच दरड कोसळली ते गाव गप्प आणि त्याच्या खालची सगळी गावं उधळलेली. पत्ता पक्का झाला.

मग त्यांनी तिला विचारलं होतं, "आजी, फुलवाती वळता येतात का हल्ली?" मावशी म्हणाली, "नाही हो, दोन-तीन महिने जमतच नाही. वय झालं." बोटांचं कसब जाणं हे मानेतल्या दाबाचं जुनं लक्षण. तिने ते कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण पायांच्या डॉक्टरला वातींचं काय सांगायचं?

आणि ती किल्ली? तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे खरवडलं की निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारा मार्ग दुखावला असेल तर तो वर उठतो. पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये जेमतेम तीसेक ओळींच्या टिपणात हे सांगितलं. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र वर उठणंच नैसर्गिक, कारण त्याच्या मंत्रालयाचे रस्ते अजून बांधून व्हायचे असतात. साधारण वर्ष-दोन वर्षांत, बाळ चालायला लागतं त्या सुमाराला, अंगठा खाली वळू लागतो.

उधळलेल्या रिफ्लेक्सचं विदर्भातल्या जुन्या लोकांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे लाखोळी डाळ. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाल्ली की तिच्यातल्या विषारी घटकाने मेंदूकडून पायांकडे येणारे मार्ग कायमचे दुखावतात. पाय कैचीसारखे एकमेकांत अडकतात, माणूस चवड्यांवर काठीच्या आधाराने चालतो, आणि हातोडी लागताच गुडघे उसळतात.

अर्धांगवायूत एक गंमत आहे, नवख्याला हमखास फसवणारी. झटका आल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती बाजू लुळी असते आणि रिफ्लेक्सही मंद असू शकतात. मंत्रालयाशी संपर्क तुटल्याच्या धक्क्यानेच गाव सुन्न होतं. उधळणं नंतर सुरू होतं. मज्जारज्जूला अपघातात इजा झाली तर हा सुन्नपणा आठवडे टिकतो.

दोन्ही एकत्र दिसले तर?

घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला, पण तळपायाचा अंगठा वर, असं कोडं आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. बी 12 जीवनसत्त्व कमी पडलं की पायाच्या नसाही झिजतात आणि मज्जारज्जूही. पक्के शाकाहारी लोक, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, यांनी याकडे लक्ष ठेवावं. वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी पुष्कळ सुधारतं. सुकत चाललेल्या स्नायूत रिफ्लेक्स मात्र उसळणारा, ही जोडी मोटर न्यूरॉन आजारात (स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात तो) दिसते आणि तिथे डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो.

मधुमेह्यांत सहसा घोट्याचा रिफ्लेक्स आधी जातो, कारण सर्वांत लांबच्या नसा आधी झिजतात. थायरॉइड मंदावला असेल तर पाय उडतो वेळेवर, पण खाली येतो संथपणे, हॉटेलच्या दाराला हवेचा दांडा लावलेला असतो तसा.

'माझा पाय उडतच नाही, म्हणजे मी आजारी?'

बहुतेक वेळा नाही. काही निरोगी माणसांचे रिफ्लेक्स जन्मजात मंद असतात, काहींचे घाबरल्यामुळे किंवा चार कप चहामुळे जोरात असतात. साठी-सत्तरीनंतर घोट्याचा रिफ्लेक्स निरोगी माणसातही हरवू शकतो. रिफ्लेक्सला 0 ते 4 असे गुण देतात, त्यात 2 म्हणजे मध्यम, पण 1 आणि 3 सुद्धा पुष्कळदा नैसर्गिकच असतात. खरा अर्थ असतो तो फरकाला. डावा-उजवा फरक, हात-पाय फरक, मागच्या महिन्यातला आणि आजचा फरक.

पाय उडत नसेल तर डॉक्टर एक युक्ती करतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत आकड्यासारखी अडकवा आणि जोरात ओढा, म्हणतात, आणि तेवढ्यात गुडघ्यावर ठोकतात. बुडापेस्टच्या एर्नो येन्द्राशिक यांनी 1885 मध्ये हे दाखवलं. हातांनी ओढताना मज्जारज्जूतल्या पेशी थोड्या चेतवलेल्या असतात आणि दडलेला रिफ्लेक्स बाहेर येतो. हे न करता 'रिफ्लेक्स नाहीत' असं लिहिणं म्हणजे दार एकदाच वाजवून 'घरी कोणी नाही' म्हणत परत जाणं.

'एमआरआय असताना हातोडी कशाला?'

हा प्रश्न मावशीनेच विचारला होता, जरा उर्मट शब्दांत. तिच्या कमरेच्या एमआरआयमध्ये गाद्या खरंच सरकलेल्या होत्या. फोटो खोटा नव्हता. पण पन्नाशी ओलांडलेल्या, पाठ कधीच न दुखलेल्या लोकांचा एमआरआय काढला तरी अनेकांत तसंच दिसतं. यंत्र चित्र दाखवतं, त्यातल्या कशामुळे त्रास होतोय हे सांगत नाही. जुन्या घराच्या भिंतीला दहा भेगा असतात, गळती कुठल्या भेगेतून आहे हे पाणी ओतूनच कळतं. पायात कळ जातेय आणि घोट्याचा रिफ्लेक्स त्याच बाजूचा गेलाय, तर त्रिकास्थीतली पहिली नस दबल्याचा तो पुरावा. फोटोतली गादी त्याच ठिकाणी असेल तर गोष्ट जुळली.

आक्षेप रास्त असा एक आहे. ठोका कोणी, किती जोरात, कुठे मारला यावर उत्तर बदलतं आणि दोन डॉक्टर एकाच पायाला वेगवेगळे गुण देऊ शकतात. विजेचा झटका देऊन हाच रिफ्लेक्स यंत्रावर मोजता येतो, गरज पडली तर तसं करतातही. माझं मत विचाराल तर हातोडीचा खरा शत्रू यंत्र नाही, ओपीडीतली गर्दी आहे. शंभर पेशंट बाहेर बसलेले असताना चप्पल-मोजे काढायला लावून कोण तळपाय बघणार? त्यापेक्षा एमआरआयची चिठ्ठी लिहायला दहा सेकंद लागतात.

तासातासाला गुडघा ठोकणारी नर्स

निदान एकदा होतं, लक्ष मात्र रोज ठेवावं लागतं. रिफ्लेक्सने लक्ष ठेवायचं सर्वांत सुंदर उदाहरण मेंदूच्या वॉर्डात नाही, बाळंतिणींच्या वॉर्डात आहे.

गरोदरपणात रक्तदाब फार वाढला तर झटके (फिट) येऊ शकतात आणि त्यात आई-बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. त्यावर औषध मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आणि जुनं. 33 देशांतल्या 10,000 हून अधिक गर्भवतींवरच्या अभ्यासाने 2002 मध्ये दाखवलं की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण हेच औषध जास्त झालं तर श्वास थांबतो. रक्तातलं प्रमाण दर तासाला मोजणं ग्रामीण रुग्णालयात शक्य नाही. मात्र हे विष ठरलेल्या क्रमाने चढतं. आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, श्वास त्यानंतर. म्हणून पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघतात. गुडघा उडतोय का, मिनिटाला किमान 16 श्वास आहेत का, आणि तासाला किमान 30 मिली लघवी होतेय का (मॅग्नेशियम लघवीवाटेच बाहेर पडतं). गुडघा गप्प झाला की डोस थांबवायचा, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. हातोडी सापडली नाही तर तळहाताची कड चालते. प्रयोगशाळेशिवाय, बिल न लागता, जीव वाचवणारी याहून साधी तपासणी मला माहीत नाही.

जीबीएसमध्ये मात्र रिफ्लेक्स हा देखरेखीचा वाईट मापदंड आहे. एकदा गेले की गेले, आजार वाढतोय की थांबलाय ते सांगत नाहीत. तिथे श्वासाची ताकद बघतात. एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे नर्स दर काही तासांनी विचारते. आणि माणूस बरा होऊन कामावर रुजू झाला तरी गुडघा कित्येक महिने, कधी कायमचा, गप्प राहू शकतो. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी हातोडी मारली तर 'मला जीबीएस होऊन गेलाय' हे त्याने सांगून टाकावं.

'मेंदू मृत म्हणता, मग पाय कसा हलला?'

हा प्रश्न आयसीयूबाहेर विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा गळा भरलेला असतो. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यानुसार आपल्याकडे चार डॉक्टरांचं पथक, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, मेंदूच्या बुंध्याचे रिफ्लेक्स तपासतं. डोळ्यावर प्रकाश टाकला तर बाहुली आकसते का, बुबुळाला कापसाने स्पर्श केला तर पापणी मिटते का, घशात नळी हलवली तर ठसका येतो का, आणि व्हेंटिलेटर काढला तर स्वतःचा श्वास सुरू होतो का. हे सगळं दोन्ही वेळा गप्प असेल तरच मेंदू मृत ठरतो.

पण गुडघ्याचा रिफ्लेक्स या यादीत नाही. तो मज्जारज्जूचा आहे. मंत्रालय कायमचं बंद झालं तरी खालची गावं काही काळ आपल्या सवयीने चालत राहतात, म्हणून पाय किंवा हात क्वचित हलतो. नातेवाइकांना तो परतीचा इशारा वाटतो. हे आधीच समजावून सांगणारा डॉक्टर भेटला तर त्या घरावर मोठे उपकार होतात.

घरी करून बघावं का?

मुलांना गंमत म्हणून दाखवायला हरकत नाही, पाय लोंबकळत ठेवून तळहाताच्या कडेने. पण त्यावरून स्वतःचं निदान करू नये. घरच्यांनी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मुंग्या किंवा अशक्तपणा तळव्यापासून वर चढतोय का, चप्पल पायातून नकळत निसटते का, बटण लावताना बोटं अडखळतात का, गिळताना ठसका लागतो का. दिवसा-दोन दिवसांत जोर घटत असेल तर सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं.

मावशीच्या मानेतल्या दोन मणक्यांमध्ये मज्जारज्जू चेपला गेला होता. ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी तपासायला गेलो तेव्हा ती काठीशिवाय जिना चढली. आत डॉक्टरांनी पुन्हा हातोडी काढली, गुडघा पुन्हा उसळला. मावशी दचकली, "अजून उडतोय की! मग उपयोग काय झाला?" डॉक्टर म्हणाले, जुनी इजा पूर्ण पुसली जात नाही, हा असाच राहील कदाचित. मागच्या वेळेपेक्षा वाढला नाही ना, एवढंच मला बघायचं होतं. कागदावर त्यांनी गुडघ्याच्या आकृतीशेजारी 3 लिहिलं, मागच्या पानावरही 3 होतं.

"आणि वाती?" त्यांनी विचारलं.

"श्रावणात सव्वा लाख वळायच्यात," मावशी म्हणाली. "तुमच्या मिसेसना पाठवू का थोड्या?"